इंदुरी ताटाचा हिशेब: पोह्यापासून रात्रीच्या पोळीपर्यंत

इंदुरातल्या मराठी घरात खाण्याची चणचण नसते. सकाळी पोहे, वर मूठभर सेव, बाजूला जिलबी. दुपारी वरण-भात, पोळी-भाजी. पाचच्या सुमारास सेव-परमल (परमल म्हणजे कुरमुरे) आणि चहा, आणि पाहुणे आले की रात्री सराफा, म्हणजे सराफा बाजारात रात्री भरणारी खाऊगल्ली. एवढं पोटात जाऊनही अकरा वाजता डोळे जड, चार वाजता चहाची तलफ आणि दर दिवाळीला ब्लाउज उसवायची पाळी. बहुतेक घरांत कारण एकच निघतं: ताटात उष्मांक भरपूर असतात, प्रथिनं काठावर असतात आणि तीही बरीचशी गहू-तांदळातून आलेली असतात. सगळा अंदाज डोळ्यांनी केलेला असल्यामुळे हे लक्षातही येत नाही. म्हणून सुरुवात तोलण्यापासून. ताट बदलायचं ते नंतर.

तीन दिवस नुसतं तोला

लागणारं सामान: १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, ५ मिलीचा मापाचा चमचा, वही. दिवस निवडताना दोन कामाचे आणि एक रविवार घ्या, कारण रविवारचं खाणं वेगळंच असतं. या तीन दिवसांत खाण्यात सुधारणा करायची नाही. वही दिसली की माणूस आपोआप शहाण्यासारखा खाऊ लागतो आणि मग हिशेब खोटा येतो.

तोल नेहमी कच्च्या मालाचा घ्यायचा. शिजलेल्या भातात, वरणात पाणी किती हे घराघरात बदलतं, त्यामुळे 'एक वाटी वरण' या मापाला तसा अर्थ नाही. वरणाचं माप असं काढा: कच्ची डाळ तोला, समजा १०० ग्रॅम. वरण तयार झाल्यावर रिकाम्या भांड्याचं वजन वजा करून सगळं वरण तोला. ते ७०० ग्रॅम भरलं, तर १४० ग्रॅमच्या वाटीत २० ग्रॅम डाळ आली. ऐनवेळी माणसं वाढली आणि त्याच १०० ग्रॅम डाळीत पाणी घालून एक किलो वरण केलं, तर वाटीत १४ ग्रॅमच उरते. वाटी तीच, वरणही पिवळंधमक, पण प्रथिनं चार ग्रॅमवरून तीनवर. आमटी, सांबार, कढी यांनाही हीच रीत लावा.

पोळीसाठी गोळा तोला. कणकेत पिठाच्या ६० टक्के पाणी धरलं तर ५५ ग्रॅमच्या गोळ्यात साधारण ३५ ग्रॅम पीठ असतं. घडीच्या पोळीचा गोळा फुलक्यापेक्षा हमखास मोठा निघतो, शिवाय आत तेल. 'मी फक्त तीनच पोळ्या खाते' यातल्या तीन पोळ्या फुलक्यांच्या हिशेबात चार-साडेचार भरू शकतात.

सगळ्यात जास्त चूक तेलात होते, कारण ते ओतलं जातं आणि विसरलं जातं. चमच्यांच्या नोंदी ठेवू नका, टिकत नाहीत. पहिल्या दिवशी सकाळी तेलाची बरणी आणि तुपाचा डबा तोलून आकडा लिहा, तिसऱ्या दिवशी रात्री पुन्हा तोला. आलेल्या फरकाला तीनने आणि घरातल्या खाणाऱ्या माणसांनी भागा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारसूचनांत २००० कॅलरींच्या आहाराला दिवसाला माणशी २७ ग्रॅम तेल-तूप धरलेलं आहे. बाहेरून आणलेल्या सेव-नमकीनमधलं तेल तुमच्या बरणीच्या हिशेबात येतच नाही, हेही ध्यानात असू द्या.

हिशेबाला हे आकडे पुरतात. सगळे १०० ग्रॅम कच्च्या मालामागे, थोडे गोळाबेरीज केलेले. कॅलरी म्हणजे इथे सगळीकडे किलोकॅलरी.

कणीक: ३४० कॅलरी, ११ ग्रॅम प्रथिन
तांदूळ किंवा पोहे: ३५० कॅलरी, ७ ते ८ ग्रॅम
साबुदाणा: ३५० कॅलरी, प्रथिन जवळपास शून्य
तूर, मूग, मटकी: ३३५ कॅलरी, २२ ग्रॅम
फुटाणे: ३७० कॅलरी, २२ ग्रॅम
शेंगदाणे: ५६० कॅलरी, २५ ग्रॅम
बेसनाची सेव: ५५० कॅलरी, १२ ते १५ ग्रॅम
सोयावडी: ३४५ कॅलरी, ५० ग्रॅम
पनीर: २८० कॅलरी, १८ ग्रॅम
मलईदार दूध: ८७ कॅलरी, ३ ग्रॅम; दही: ६० कॅलरी, ३ ग्रॅम

याशिवाय एक अंडं ७० कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिन, तेलाचा ५ मिलीचा चमचा ४० कॅलरी, साखरेचा सपाट चमचा २० कॅलरी. गूळ साखरेइतकाच धरा. गुळाने वजन वाढत नाही ही समजूत गुळाच्या व्यापाऱ्यांना फार सोयीची आहे.

गरज किती

आडवं पडून राहिलं तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं चालूच असतात. तेवढ्यासाठी लागणारी ऊर्जा अशी काढतात: वजन किलोमध्ये × १०, अधिक उंची सेंटिमीटरमध्ये × ६.२५, वजा वय × ५. बाईसाठी यातून १६१ वजा करायचे, पुरुषासाठी ५ मिळवायचे. ४२ वर्षांची, १५५ सेंटिमीटर उंचीची, ५८ किलोची बाई घेतली तर ५८० + ९६९ − २१० − १६१ म्हणजे सुमारे ११७८. दिवसभर बसून काम असेल तर १.४ ने गुणा, नोकरी बसून पण घरकामही असेल तर १.५, दिवस उभ्याने जात असेल तर १.६, अंगमेहनत असेल तर १.८ किंवा वर. आपल्या बाईला १.५ लावला की १७६७ येतात, म्हणजे १७५० धरायला हरकत नाही. भारतीय लोकांत हे सूत्र थोडा चढा आकडा देतं, त्यामुळे खाली गोळाबेरीज केलेली बरी.

प्रथिनांची शिफारस वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, पण ती चांगल्या प्रतीच्या प्रथिनांसाठी. बराचसा आहार धान्याचा असेल तर किलोमागे १ ग्रॅम धरतात, म्हणजे या बाईला ५८. कारण असं की गहू-तांदळात लायसिन हे अमायनो आम्ल कमी असतं, डाळींत ते भरपूर असतं. डाळींत मेथिओनिन कमी पडतं, ते धान्यात मिळतं. वरण-भात, खिचडी, थालीपीठ ही जोडी नेमकी जमवतात. दोन्ही एकाच घासात यायला पाहिजेत असं मात्र नाही, दिवसभरात मिळाली की शरीर जुळवून घेतं.

आठ वाजताच्या पोह्यांचं पुढे काय होतं

पोहे तयार होतानाच धान भिजवून, भाजून, चेपलेलं असतं. त्यामुळे त्यातला स्टार्च अर्धा शिजलेलाच असतो आणि पटकन फुटतो. तोंडात लाळेतलं अमायलेज हे विकर (एन्झाइम) कामाला लागतं, जठरातलं आम्ल त्याला थांबवतं आणि खरं काम लहान आतड्यात स्वादुपिंडाच्या रसाने होतं. स्टार्चचा ग्लुकोज होतो, आतड्याच्या भिंतीतून रक्तात जातो आणि ते रक्त आधी यकृताकडे पोचतं. मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा साखर असते. पोहे-जिलबीची एक भरगच्च प्लेट त्यात तासा-दोन तासांत ७०-८० ग्रॅम ओतते. ती साखर रक्तातून हलवण्यासाठी स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. इन्सुलिनच्या इशाऱ्यावर स्नायू आणि चरबीच्या पेशी ग्लुकोज आत घेतात, यकृत त्याचा ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, करून ठेवतं. काहींच्या रक्तातली साखर दोन-तीन तासांनी खाण्याआधीच्या पातळीपेक्षाही थोडी खाली उतरते. अकरा वाजताची पेंग आणि 'काहीतरी खावंसं वाटतंय' याचा हाच एक मोठा धागा.

पेशीत गेलेल्या ग्लुकोजचे आधी दोन तुकडे होतात, पायरुव्हेट नावाचे. एवढ्याने हाती फक्त दोन एटीपी लागतात. एटीपी म्हणजे स्नायू आखडायला, चेतातंतूंतून संदेश जायला, नवी प्रथिनं बांधायला ज्या रेणूतून ऊर्जा मिळते तो. पुढे पायरुव्हेट मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरात, शिरतं, तिथे ॲसिटिल को-ए बनतं आणि हान्स क्रेब्स यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या चक्रात पडतं. त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन शेवटी आपण श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनपर्यंत पोचतात आणि एका ग्लुकोजमागे एकूण ३० ते ३२ एटीपी होतात. कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासात जातो, उरतं ते पाणी. शरीरात एका वेळी एटीपीचा साठा १०० ग्रॅमही नसतो. तेच रेणू दिवसभर पुन्हा पुन्हा भरले जातात, म्हणून हे यंत्र क्षणभरही थांबून चालत नाही.

या साखळीत जीवनसत्त्वं कुठे बसतात ते पाहिलं की 'व्हिटॅमिनने ताकद येते' या वाक्याचा खरा अर्थ कळतो. त्यांच्यात स्वतःच्या कॅलरी नसतात. पायरुव्हेट पुढे सरकायला बी-१ लागतं, इलेक्ट्रॉन वाहून न्यायला बी-२ आणि बी-३ पासून बनलेले रेणू लागतात, को-ए बनायला बी-५, एटीपीला मॅग्नेशियम, आणि ऑक्सिजन आणून पोचवणाऱ्या हिमोग्लोबिनला लोह. यातलं एखादं कमी असेल तर ताट कितीही भरलेलं असो, थकवा जात नाही. सगळं पुरेसं असताना वरून गोळ्या घेतल्याने मात्र जास्तीची ऊर्जा निघत नाही.

तेल-तुपाचा मार्ग संथ असतो. पित्तरसाने त्याचे बारीक थेंब होतात, लायपेज ते फोडतं आणि ते लसिकावाहिन्यांतून फिरून रक्तात येतं. मेदाम्लांच्या रेणूत ऑक्सिजन नावाला असतो, त्यामुळे जाळायला वाव जास्त. म्हणून ग्रॅममागे ९ कॅलरी, तर पिष्ट आणि प्रथिनांच्या ४. तंतूंना साधारण २ धरतात. ते आपल्याला पचत नाहीत, पण मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून बनलेलं ब्युटिरेट आतड्याच्या पेशींच्या कामी येतं.

साठवणीचं गणित फार एकतर्फी आहे. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन मावतो, म्हणजे सगळा मिळून २००० कॅलरी. मेंदू एकटाच दिवसाला १२० ग्रॅम ग्लुकोज खातो, त्यामुळे यकृताचा साठा रात्रभरात बराच उतरतो आणि यकृत अमायनो आम्लं, ग्लिसरॉल वगैरेंपासून नवा ग्लुकोज करू लागतं. याउलट ५८ किलोच्या, ३० टक्के चरबी असलेल्या बाईच्या अंगावर सव्वा लाखाच्या वर कॅलरी चरबीच्या रूपात असतात आणि त्या कोठाराला वरची मर्यादा म्हणावी तशी नाही. ग्लायकोजेनच्या एका ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी राहतं. नवीन आहार सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात दीड किलो उतरल्याचा आनंद आणि एका लग्नाच्या पंगतीनंतर एक किलो वाढल्याचं दुःख, दोन्ही बव्हंशी पाण्याचं असतं.

प्रथिनांना कोठारच नाही. जठरातलं पेप्सिन आणि स्वादुपिंडाचं ट्रिप्सिन त्यांची अमायनो आम्लं करतात. स्नायू, विकरं, प्रतिपिंडं बांधून जास्तीची उरली तर यकृत त्यातला नायट्रोजन काढून युरिया करतं आणि राहिलेला सांगाडा जाळतं किंवा साठवतं. त्यामुळे सगळी डाळ एकाच वेळी खाऊन भागत नाही, ती तिन्ही वेळांत वाटलेली बरी. पचवतानाच प्रथिनांतली २० ते ३० टक्के ऊर्जा खर्च होते. पिष्टात हा खर्च ५ ते १० टक्के, स्निग्धात ३ टक्क्यांच्या आत. पोट भरल्याची जाणीवही प्रथिनांनी जास्त टिकते.

एक नेहमीचा दिवस आणि त्याची दुरुस्ती

वरच्याच बाईचा दिवस मांडू. तीन कप चहा, प्रत्येकी ५० मिली दूध आणि दोन चमचे साखर: २५० कॅलरी, ५ ग्रॅम प्रथिन. ५० ग्रॅम पोहे, दोन चमचे तेल, वर १५ ग्रॅम सेव: ३४० आणि ६. दुपारी ३५ ग्रॅम पिठाच्या तीन पोळ्या, दोन चमचे तूप-तेल, बटाट्याची भाजी, १५ ग्रॅम डाळीचं पातळ वरण, ४० ग्रॅम तांदळाचा भात: ७७५ आणि साडेएकोणीस. संध्याकाळी ३० ग्रॅम सेव आणि २० ग्रॅम परमल: २४० आणि साडेपाच. रात्री दोन पोळ्या आणि दोडक्याची भाजी: ३९० आणि ९. बेरीज सुमारे १९९५ कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिन, आणि त्यात जिलबी धरलेलीच नाही. गरज १७५० आणि ५८ होती. ४५ पैकी जवळपास ३० ग्रॅम पोळी, भात, पोहे, परमल आणि बटाट्याचे आहेत, हे त्यातलं खरं दुखणं.

आता बदल. चहात साखर एक चमचा: ६० कॅलरी गेल्या. पोहे ३५ ग्रॅम, सेव चिमूटभर म्हणजे ५ ग्रॅम, आणि ३० ग्रॅम कच्च्या मटकीची उसळ वरून. इंदुरात उसळ-पोहे ठेल्यावर मिळतात, तेव्हा घरात कुणी नाक मुरडायचं कारण नाही. दुपारी एक पोळी कमी, वरणात डाळ दुप्पट, सोबत १०० ग्रॅम दही. संध्याकाळी सेव-परमलच्या जागी ३० ग्रॅम फुटाणे. रात्री ३० ग्रॅम बेसनाचं पिठलं. दिवसभरात तेल तीन चमचे कमी. नवी बेरीज सुमारे १७४० कॅलरी आणि ५९ ग्रॅम प्रथिन. खर्च वाढत नाही, उपाशी राहावं लागत नाही, आणि जीरावनाला, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्याला, धक्का लागत नाही. जीरावनात कॅलरी नगण्य असतात, मीठ मात्र असतं. दिवसाचं सगळं मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायचं असेल तर जीरावन भुरभुरणार असाल तेव्हा उसळीत मीठ कमी घाला.

सगळं एकदम बदलू नका. पहिल्या आठवड्यात फक्त वरण घट्ट आणि संध्याकाळचे फुटाणे. कडधान्यं एकदम वाढवली की गॅस धरतो आणि चार दिवसांत घर जुन्या वळणावर जातं. मटकी आठ-दहा तास भिजवा, ते पाणी फेका, कापडात बांधून बोटभर मोड येऊ द्या. वायू करणाऱ्या शर्करा काही प्रमाणात कमी होतात आणि लोह-जस्त अडवणारं फायटेटही घटतं. डाळ लवकर शिजावी म्हणून खायचा सोडा घालायची सवय असेल तर ती मोडा. त्याने बी-१ नष्ट होतं. कठीण पाण्यात डाळ शिजत नसेल तर अर्धा तास भिजवून कुकरला लावा.

चक्कीवर नेण्याआधी

माळव्यात राहून सोयाबीनकडे ढुंकूनही न बघणारी घरं बरीच आहेत. सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आपल्याच खंडवा रोडवर आहे. बऱ्याच घरांत सोयाबीन एकदा आणलं जातं, वास येतो म्हणून टाकलं जातं. चूक बहुधा एकच: ते कच्चंच दळलेलं असतं. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला अडवणारं द्रव्य असतं, त्यामुळे प्रथिन पचत नाही आणि पोट बिघडतं. वास येतो तो लायपॉक्सिजनेज या विकरामुळे. दोन्ही उष्णतेने निकामी होतात.

९ किलो गव्हाला १ किलो सोयाबीन घ्या. तीन लिटर पाणी खळखळ उकळलं की त्यात सोयाबीन टाका आणि पाणी पुन्हा उकळी धरल्यापासून २५ ते ३० मिनिटं ठेवा. गार पाण्यापासून सुरुवात केली तर विकराला काम करायला वेळ मिळतो आणि वास राहतो. पाणी निथळून दोन दिवस कडक उन्हात वाळवा. दाताखाली कडकन फुटला तरच दाणा वाळला समजा. ओलसर राहिला तर चक्कीचे दगड चिकटतात, चक्कीवाला पुढच्या वेळी घेत नाही आणि पीठ खवट होतं. सोयाबीनमध्ये तेल १८ ते २० टक्के असल्यामुळे हे पीठ पंधरा-वीस दिवसांपुरतंच दळा. एप्रिल-मे महिन्यात आणखी कमी. कणकेत पाणी थोडं जास्त लागतं आणि अर्धा तास मुरू द्यावी लागते. दहा टक्क्यांवर गेलात तर पोळी कडेने तडकते. या पिठात १०० ग्रॅमला ११ ऐवजी पावणेचौदा ग्रॅम प्रथिन येतं. पाच पोळ्यांमागे साडेचार-पाच ग्रॅमची ही कमाई, आणि ती नेमकी लायसिनची. कोंडा चाळून टाकू नका, गव्हातलं बी-१ आणि मॅग्नेशियम बरंचसं तिथेच असतं.

उपास, बाफले आणि सराफा

एकादशीला साबुदाण्याची खिचडी करायचीच असेल तर ४० ग्रॅम साबुदाण्याला २५-३० ग्रॅम दाण्याचं कूट घ्या आणि सोबत वाटीभर दही. नुसत्या साबुदाण्यावर फराळी मिक्श्चर भुरभुरून खाल्लं तर ते स्टार्चवर तळलेला स्टार्च एवढंच होतं, आणि तासा-दोन तासांत पुन्हा भूक. राजगिऱ्यात प्रथिन १३-१४ टक्के असतं. त्याची भाकरी किंवा दुधातली लापशी उपासाला कितीतरी बरी.

बाफला, म्हणजे कणकेचा उकडून भाजलेला गोळा, तोलून पाहण्यासारखा असतो. उकडून, भाजून झालेला बाफला काट्यावर ठेवा, आकडा लिहा. मग फोडून तुपात बुडवा, निथळा, परत तोला. २० ग्रॅमचा फरक सहज दिसतो, म्हणजे एका बाफल्यामागे १८० कॅलरी नुसत्या तुपाच्या. बुडवण्याऐवजी वरून मोजून दोन चमचे घातले तर तूप निम्मं लागतं आणि चव तीच लागते. बाफल्याच्या जेवणात डाळ दोन वाट्या, बाफले दोन, लाडू अर्धा असं ताट घ्या. चुरम्याचा अख्खा लाडू घेणार असाल तर एक बाफला कमी करा.

सराफ्याला जायचं त्या रात्री घरी जेवू नका, ही पहिली अट. जेवून वर भुट्ट्याचा (मक्याच्या कणसाचा) कीस, गराडू (तळलेला कंद), मग मालपुवा हा क्रम सगळ्यात महाग पडतो. सहाच्या सुमारास घरी मूठभर फुटाणे किंवा दोन अंडी आणि काकडी खाऊन निघा. तिथे आधी कीस घ्या, त्यात दूध तरी असतं. गराडू चौघांत एक प्लेट. गोड शेवटी आणि वाटून. रात्री उशिरा तोच पदार्थ खाल्ला तरी रक्तातली साखर सकाळपेक्षा जास्त चढते, कारण संध्याकाळनंतर शरीराची साखर हाताळण्याची क्षमता उतरते. खाऊन झाल्यावर गाडी लांब लावलेली असेल तर उत्तमच: पायाचे स्नायू चालू लागले की ते इन्सुलिनची वाट न पाहताही ग्लुकोज ओढतात. जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्याचा उपयोग तो हा. अर्धा तास भरभर चाललं तरी ८०-९० कॅलरीच जळतात, म्हणजे १५ ग्रॅम सेव. चालून कचोरी वसूल होत नाही.

थकवा जात नसेल तर

ताट सुधारून महिना झाला आणि तरी जिना चढताना दम लागतोय, तर कॅलरींत शोधू नका. हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. मासिक पाळी चालू असलेल्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस आहे आणि शाकाहारी ताटातून ते कमी शोषलं जातं. उसळीवर लिंबू पिळल्याने शोषण वाढतं. जेवणाला चिकटून घेतलेल्या चहाने घटतं, म्हणून चहा तासभर पुढे ढकला. बी-१२ वनस्पतींत नसतं. चहातल्या तीन घोट दुधाने ते भागत नाही. दूध-दही रोज अर्ध्या लिटरच्या आसपास किंवा अंडी हवीत, आणि तपासणीत कमी आलं तर डॉक्टरांनी दिलेलं औषधच लागतं.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पोळी-भात डॉक्टरांना न विचारता कमी करू नका, औषध तेच राहून साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर वरचा प्रथिनांचा आकडा तुमच्यासाठी नाही. गरोदर बाईला दिवसाला ३५० कॅलरी जास्त लागतात आणि शेवटच्या तीन महिन्यांत प्रथिन २२ ग्रॅमनी वाढतं. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने ६०० कॅलरी जास्त. सासूबाईंचे डिंकाचे लाडू त्यासाठीच असतात, फक्त त्यासोबत वरण-उसळही वाढायला सांगा.

वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. त्याच वेळी बेंबीच्या पातळीवर टेपने घेर मोजा, पोट आत न ओढता. बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या वर गेला की काळजी घ्यायची. चार आठवड्यांच्या नोंदी झाल्याशिवाय पोळीचा आकडा बदलू नका. चार आठवड्यांत घेर तसाच राहिला तर पहिली शंका तेलाच्या बरणीवर घ्या आणि ती पुन्हा तीन दिवस तोला.